काविळीची माळ

चंपाषष्ठीला वझलवारांच्या घरी वांग्याचं भरीत दोन पातेल्यांत होत असे. एक घरादारासाठी, हिरव्या मिरचीचं, कांद्याच्या पातीचं, वरून कच्चं तेल सोडलेलं. दुसरं एकट्या स्वानंदसाठी, भाजलेल्या वांग्याला नुसतं मीठ लावलेलं, बघूनच भूक मरावी असं. पंचवीस वर्षांपूर्वी स्वानंदला कावीळ झाली होती आणि ती अजून उतरली नव्हती. खरं सांगायचं तर नानांनी ती उतरू दिली नव्हती.

नाना म्हणजे रामकृष्णराव वझलवार, रेल्वेतले निवृत्त गार्ड. आयुष्यभर गाडीच्या शेपटाशी उभं राहून झेंडी दाखवली, त्यामुळे एकदा बोलले की गाडी सुटली, परत फिरवायची सोय नाही. रायपुरातल्या कुठल्याही लग्नात कुणी स्वानंदच्या पानात पुरी वाढायला वाकलं की चार पंगतींपलीकडून नानांचा आवाज येई, "त्याले पुरी नको, त्याचं लिव्हर नाजूक आहे." वाढपी मुकाट्याने पुढे सरके. स्वानंद आता सेहेचाळीस वर्षांचा होता, गोल बाजाराजवळ पंप आणि मोटारींचं दुकान चालवत होता, पण वडिलांच्या या हुकमापुढे कधी चकार शब्द काढत नसे. महिन्यातून दोनदा अभनपूरला कुणाच्या शेतावर पंप बसवायला जाई, तेव्हा तिथल्या टपरीवर बसून मिरचीभजी हाणून येई. बायकोला, शर्मिष्ठेला, हे त्याच्या रुमालावरून कळे. नानांनाही ठाऊक होतं. पण अभनपूर महापालिकेच्या हद्दीबाहेर, म्हणून काविळीच्याही हद्दीबाहेर, असा त्यांनी मनाशी निवाडा केला होता.

एवढं सगळं ठीक चाललं होतं. मग स्वानंदला निवडणुकीची बुद्धी झाली.

नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून रायपूरचं पाणीच बदललं होतं. जिथे एक कलेक्टर यायचा तर गाव बघायला गोळा व्हायचं, तिथे लाल दिव्याच्या गाड्या भाजी घ्यायला थांबू लागल्या, आणि प्रत्येक पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दोन तरी माणसं अशी झाली की ज्यांच्याकडे पांढरे कपडे होते आणि काम नव्हतं. स्वानंद त्यातला नव्हता. त्याने पाऱ्यातली तुंबलेली नाली महापालिकेच्या मागे लागून बांधून घेतली, सार्वजनिक नळाची मोटर फुकट दुरुस्त केली, आणि लोकच म्हणाले, भैया, आता पार्षदकीला उभे राहा. नगरसेवकपदाला अपक्ष म्हणून उभा राहिला. चिन्ह मिळालं पंखा, तेही ऐन थंडीत. धाकट्या भावाने, नीलेशने, बँकेतून रजा काढून प्रचाराचा गाडा अंगावर घेतला.

आणि काल संध्याकाळी नीलेश सदर बाजारातून पांढरा चेहरा घेऊन घरी आला. हिरालाल नावाचा माणूस समोरच्या उमेदवाराच्या गोटात शिरला होता. हा हिरालाल एके काळी नागपूरच्या होस्टेलात स्वानंदच्या शेजारच्या खोलीत राहायचा. सोनाराच्या पेढीवर बसून तो चार जणांना सांगत होता, की वझलवारच्या पोराला पीलिया वगैरे काही नव्हता, तो गर्द ओढायचा.

गर्द. पंचवीस वर्षांत हा शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता. आणि आज चंपाषष्ठीच्या दिवशी, दुपारच्या नैवेद्याला नागपूरहून बहीण रूपालीसुद्धा आलेली असताना, तो शब्द चुलीवरच्या वांग्यासारखा फटाफट फुटत होता. सायंकाळी पाच वाजता चौकात पाऱ्याची सभा होती, आणि तिथे कुणीतरी विचारणार हे नक्की होतं.

नीलेशची योजना सरळ होती. "नाना, तुमचा शब्द पाऱ्यात चालते. तुम्ही माईकवर उभं राहा अन् म्हणा, माझ्या पोराले कावीळ झाली होती. हिरालाल गेला उडत."

नाना तयारच होते. त्यांनी धुतलेला कोट सकाळीच खुंटीला काढून ठेवला होता.

रूपाली सगळ्यांत मोठी, तिला कुणाची भीती नव्हती. तिचं म्हणणं पडलं की कबूलही करू नका आणि नाकारूही नका. लोकांना नळाला पाणी पाहिजे. स्वानंदने एकविसाव्या वर्षी काय ओढलं याचा नालीशी काय संबंध? आई, पद्मिनीबाई, वांगं सोलता सोलता मुलीच्या बाजूने बोलल्या, की महाशिवरात्रीला अर्धा पारा भांग पिऊन लोळतो, तेव्हा कुणी म्हणत नाही याला मत देऊ नका. "भांग शंकराची," नीलेश म्हणाला. "गर्द कोनत्या देवाचा, आई?" त्यावर पद्मिनीबाईंनी वांग्याचं देठ जोरात उपटलं.

स्वानंद इतका वेळ उंबऱ्याशी बसून होता. तो म्हणाला, "मी सांगून टाकतो."

नानांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. काय सांगतो? स्वानंदने पुन्हा सांगितलं. सभेत स्वतःच उभा राहणार, कुणी विचारायच्या आत. गेला महिनाभर तो घरोघरी जात होता आणि प्रत्येक घरी ताट समोर येत होतं. बाकीच्यांना बेसनाची तळलेली ठेठरी, आणि त्याच्यासाठी मुद्दाम वाफवलेला फरा. "भैया का लिवर" म्हणून तांदळाच्या पिठाच्या त्या कोरड्या मुटकुळ्या लोक प्रेमाने वाढायचे. त्या फऱ्याचा घास त्याच्या घशाखाली उतरत नव्हता.

"लोक मले जपून राहिले, नाना," तो म्हणाला, "अन् मी त्यायलेच फसवून मत मागून राहिलो. मले मत द्याचं का नाही ते त्यायले ठरवू द्या ना. आपण कोण त्यायच्या वतीनं ठरवणारे?"

"अन् शर्मिष्ठेचं काय?" नानांनी शेवटचं हत्यार काढलं. "तिच्या बापाले मी कावीळ सांगून पोरगी मागितली. ती उद्या..."

"नाना," शर्मिष्ठा ओट्याजवळून म्हणाली, "हे मला पाहायला आले तेव्हाच यांनी सांगितलं होतं. तुम्ही बाबांशी गाड्यांच्या टायमाबद्दल बोलत होता तेव्हा."

नाना सुनेकडे बघत राहिले. एकोणीस वर्षं ही पोरगी आपल्यासमोर बिनतेलाचं भरीत करून वाढत होती, आणि तिला सगळं माहीत होतं. त्यांना राग यायला हवा होता, पण त्या माउलीबद्दल त्यांच्या मनात एकदम इतका जिव्हाळा दाटून आला की त्यांनी उगाचच चष्मा पुसला.

आता राहिली ईरा. स्वानंदची मुलगी, नुकतीच अठराची झालेली, मतदार ओळखपत्राचा फोटो वाईट आला म्हणून आठवडाभर रुसलेली. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीतच. सगळ्यांना वाटत होतं तिला यातलं काही ठाऊक नाही, म्हणून ती खोलीत आली तेव्हा एकदम सामसूम झाली.

"दादाजी," ती म्हणाली, "मैं बायोलॉजी पढ़ती हूँ. कौन सा पीलिया पच्चीस साल चलता है?"

नीलेश हसला आणि मग त्याने हसू गिळलं. स्वानंदने मुलीला जवळ बसवून चार वाक्यांत सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. तिने विचारलं, बंद कधी केलं? नंतर परत कधी घेतलंस का? त्याने उत्तरं दिली. मग ती म्हणाली, "वोट का मैं सोचूँगी." आणि बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून तिथेच बसली.

नाना देवघरात गेले. तिथे कुणी बोलत नाही म्हणून त्यांना ती जागा बरी वाटली.

त्यांना तो चौऱ्याऐंशीचा दिवस आठवला. नागपूरला होस्टेलच्या खोलीत पोरगा थंडीने कापावा तसा कापत पडला होता, आणि बाहेर ऊन होतं. प्रवासी गाडीत नेला असता तर ओळखीचं कुणी भेटलं असतं. म्हणून नानांनी त्याला मालगाडीच्या शेवटी, गार्डाच्या डब्यात घातलं. नियमाने तिथे परका माणूस बसवता येत नाही. सबंध नोकरीत नानांनी मोडलेला तो एकच नियम. रायपूरपर्यंत ते एका हातात झेंडी आणि दुसऱ्या हातात पोराची कॉलर धरून उभे होते, कारण दार उघडं होतं आणि पोराच्या नजरेचा भरवसा नव्हता. घरी आल्यावर पाऱ्याने विचारलं, काय झालं? आणि नानांच्या तोंडून कावीळ निघून गेली.

ते पोरासाठी बोलले होते, रूपालीचं लग्न व्हायचं होतं त्यासाठी बोलले होते. आणि लाज वाटली म्हणूनही बोलले होते. आज देवासमोर त्यांनी हे तिसरं कारण पहिल्यांदाच मनात नीट उच्चारलं. पण म्हणून माईकवर पोराने स्वतःच्या तोंडाने 'मी गर्दुल्ला होतो' म्हणावं, आणि आपण खुर्चीवर बसून ते ऐकावं? त्यापेक्षा आणखी एक खोटं बोललेलं काय वाईट. पंचवीस वर्षं पेललं, अजून एक संध्याकाळ पेलेल.

तळी उचलायची वेळ झाली तेव्हा सगळे जमले. ताम्हनात भंडारा, खोबरं, विड्याची पानं. घरात काहीही चाललेलं असो, येळकोटाचा गजर वझलवार कमी आवाजात करत नाहीत. नानांनी सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावला. स्वानंदच्या कपाळावर पिवळा मळवट भरताना त्यांची बोटं क्षणभर थांबली, कारण पोरगा त्यांच्याकडे डोळे वर करून बघत होता, आणि त्या डोळ्यांत एकवीस वर्षांचा पोरगा अजून होता.

तेवढ्यात मायाबाई आली.

माया ही तीन घरं सोडून राहणारी, अभनपूरकडची. चंपाषष्ठीचा प्रसाद न्यायला ती दर वर्षी येई आणि रिकाम्या हाताने कधी येत नसे. आजही तिच्या टोपलीत दोन पुरचुंड्या होत्या. एक मोठी, ठेठरीची. एक छोटी, फऱ्याची. घरातल्या चेहऱ्यांवरून तिला कळलं की काहीतरी बिनसलंय, आणि पाऱ्यात हिरालालची गोष्ट तिच्याही कानावर आलीच होती. ती पद्मिनीबाईंच्या शेजारी बसली. नानांनी आपणहून विषय काढला. म्हणाले, लोक काहीबाही बोलतात, पण आज सभेत मी सांगणार आहे, स्वानंदला कावीळच होती. तुमच्यासारखे साक्षीदार आहेत. तुम्हीच तर काविळीची माळ आणून दिली होती.

ती माळ नानांना चांगली आठवत होती. मायाने बैगाकडून, गावच्या झाडपाल्याच्या वैदूकडून, आणलेली, औषधी काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफलेली. ती डोक्यावर ठेवायची, आणि कावीळ उतरेल तसतशी माळ आपोआप लांब होत गळ्यात, छातीवर, पोटावर येते, असा सगळ्यांचा अनुभव होता. स्वानंदच्या डोक्यावर ती ठेवली आणि तीन दिवस तिथेच राहिली, तसूभर वाढली नाही. माया रोज उसाचा रस घेऊन यायची आणि माळेकडे बघायची. चौथ्या दिवशी नानांचा धीर सुटला. त्यांनी माळ उकलली, आणखी काड्या ओवल्या, आणि मायाच्या येण्याआधी ती पोराच्या पोटापर्यंत पोचवली.

आता मायाने टोपली बाजूला सारली. मग हळूच म्हणाली, "गारड बाबू, हमन तो तभे ले जानत रहेन."

आम्हाला तेव्हापासूनच माहीत होतं. नानांना शब्द कळले, पण अर्थ लागायला वेळ लागला.

"पीलिया में आँख पीली होती है," माया पदर सावरत म्हणाली. "बाबू की तो सफेद थी. और मोर माला में झाड़ू की काड़ी किसने जोड़ी थी?"

खराट्याच्याच काड्या होत्या त्या. अंगणातल्या. नानांना वाटलं होतं, काडी ती काडी. पद्मिनीबाईंनी तोंडाला पदर लावला, आणि त्या रडताहेत की हसताहेत ते कुणाला कळेना. दोन्ही चाललं होतं.

मायाने सांगितलं की तिलाच नाही, साऱ्या पाऱ्याला माहीत होतं. पण गारड बाबूंनी कावीळ म्हटलं, तर पाऱ्यानेही कावीळ मानली. बायकांनी आळीपाळीने उसाचा रस पोचवला. पोरगा आठ महिने बाहेरगावी राहून सुधारून आला तेव्हा माया महामायेच्या देवळात नारळ फोडून आली होती. फरा मात्र ती मनापासून करायची, नानांचं मन राहावं म्हणून.

नीलेश उत्साहाने म्हणाला, मग तर प्रश्नच मिटला. सगळ्यांना माहीत आहे, कुणी मनावर घेत नाही, कशाला सांगायचं?

माया त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा बदलला.

"मोला फरक पड़थे," ती म्हणाली. मला फरक पडतो. मग थांबत थांबत तिने सांगितलं. तिचा मुलगा दयाराम दोन वर्षांपासून सुया टोचून घेत होता. घरातली भांडी विकून झाली होती. बैगा झाला, बाबा झाला, एका दवाखान्यात नेलं तिथे सगळ्यांसमोर अपमान झाला. स्वानंद कुठे बरा झाला, कोणी केला, ते विचारायला ती कितीदा या दारापर्यंत आली होती. फऱ्याची पुरचुंडी दिली आणि परत गेली.

"पूछती कैसे, गारड बाबू? पूछती तो आपका पीलिया झूठा हो जाता."

नाना उठले, पुन्हा बसले. आपण भिंत बांधली ती पोराला झाकायला, असं त्यांना पंचवीस वर्षं वाटत होतं. तिच्या पलीकडे कुणी उभं असेल, दार शोधत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मायाच्या पायावर डोकं ठेवावं असं त्यांना फार वाटलं. त्यांनी तिच्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं आणि तो हात बराच वेळ सोडला नाही.

"स्वानंद," ते अखेर म्हणाले, "वर्ध्याजवळचं डॉक्टरसाहेबांचं घर, जिथं तू आठ महिने होता, अजून तिथंच आहे काय?"

स्वानंद म्हणाला, डॉक्टर गेले, पण त्यांची मुलगी काम चालवते. तो दर वर्षी तिथे जाऊन येतो. नानांना हेही ठाऊक नव्हतं.

सभेत जे झालं ते पाऱ्याने नंतर आपापल्या परीने सांगितलं. स्वानंद पाचच मिनिटं बोलला. गर्द म्हणाला, होस्टेल म्हणाला, वर्ध्याजवळचं ते घर कुठे आहे ते पत्त्यासकट सांगितलं, आणि म्हणाला, ज्याला लागेल त्याने माझ्या दुकानात यावं, मत दिलं नाही तरी चालेल. मागच्या रांगेतून एकाने "नशेड़ी" म्हणून हाळी दिली, काहीजण उठून गेले. पाऱ्यातले निवृत्त मुख्याध्यापक अच्युतराव उभे राहिले. त्यांनी स्पष्ट सांगितलं की स्वानंद, मी तुला मत देणार नाही. ज्याच्या हातात सार्वजनिक कारभार द्यायचा त्याचा पूर्वीचा तोल मी बघणार, तो माझा हक्क आहे. "पण तू विचारायच्या आधी सांगितलंस, म्हणून तुझ्याशी वैर नाही," म्हणाले, आणि खाली बसले. स्वानंदने त्यांना नमस्कार केला. ईरा पहिल्या रांगेत बसून दोघांचंही ऐकत होती.

नीलेशने माईक नानांच्या हातात दिला. नाना कोट घालून उभे राहिले. तोंडात पंचवीस वर्षांचं वाक्य तयार होतं, सवयीने जिभेवर आलंसुद्धा.

"कावीळ नव्हती," नाना म्हणाले. "मी खोटं बोललो. पोरगा खोटं बोलला नाही, मी बोललो." आणि माईक नीलेशच्या हातात देऊन खाली उतरले. उतरताना पायरी चुकली तेव्हा त्यांना धरायला जो हात आला तो अच्युतरावांचा होता.

नीलेशने कपाळावर हात मारला तो दुसऱ्या दिवशी, प्रचाराचा ऐन दिवस असताना उमेदवारच वर्ध्याला निघाला म्हणून. पण स्टेशनवर सोडायला तोच आला. डब्यात खिडकीशी दयाराम बसला होता, हाडं आणि स्वेटर, नजर सारखी दाराकडे. नाना त्याच्या आणि दाराच्या मधोमध बसले. त्यांचा एक हात दयारामच्या खांद्यावर गेला आणि तिथून सरकत कॉलरपाशी थांबला. पोरगा कुरकुरला नाही.

मायाने खिडकीतून पिशवी आत दिली. सवयीने तिने दोन पुरचुंड्या बांधल्या होत्या, ठेठरीची आणि फऱ्याची. फलाटावर निम्मा पारा लोटला होता. कुणी दयारामसाठी आलं होतं, कुणी नुसतं बघायला, आणि अच्युतराव वर्तमानपत्र घ्यायच्या निमित्ताने आले होते. नानांनी मोकळ्या हाताने मोठी पुरचुंडी सोडली, एक ठेठरी काढली आणि समोर बसलेल्या स्वानंदपुढे धरली.

स्वानंदने ठेठरीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या माणसांकडे पाहिलं.

"नाना, गाडी सुटली नाही अजून," तो हळूच म्हणाला. "हे रायपूरच आहे."

"मले माहीत आहे," नाना म्हणाले. "खा."